या हं पुन्हा

४ मार्च

पोचले एकदाची. लेक वाटेत सारखी विचारत होती, आई, नक्की ना, आणि मी सारखं सांगत होते, नक्की. आणखी एकदा विचारलं असतं तर गाडीतून उतरून चालत आले असते.

खोली बघून मात्र जीव हरखला. दवाखान्याचा सगळ्यात वरचा मजला नव्या औषधाच्या चाचणीसाठी आलेल्यांना दिला आहे. तीन पलंग, प्रत्येकाला खिडकी, शेजारी रेक्झिनची खुर्ची, मधे निळे पडदे. पडद्यांची शिलाई तेवढी बघवत नाही. खालची दुमड तिरकी मारली आहे, आणि ती आता रोज डोळ्यांत खुपणार. शिवणाची पेटी आणली आहे. कुणाचं लक्ष नसताना उसवून नीट करीन म्हणते.

माझा कॅन्सर अंडाशयात सुरू झाला आणि आता यकृतात जाऊन बसला आहे. नेहमीची औषधं सगळी करून झाली. घरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांनी या चाचणीचं नाव काढलं. इथल्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच, पण बोलणं सरळ. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, हे औषध माणसांना पहिल्यांदाच देतोय, किती दिलं तर सोसतं एवढंच आधी बघायचं आहे, गुण येईलच असं वचन मी देणार नाही. मी विचारलं, याआधी कुणाला दिलं होतं. म्हणाल्या, उंदरांना. म्हटलं, मग त्यांची काही तक्रार? त्या हसल्या आणि मला आवडूनच गेल्या. सही करून टाकली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ही काडी निदान कोरी करकरीत आहे.

मला फार काही नको आहे. लेकीला जूनमध्ये बाळ होणार आहे. ते मांडीवर घ्यायचं, त्याचं डोकं हुंगायचं. त्यासाठी जून गाठायचा आहे. पुढचं पुढे.

७ मार्च

आमची तिघांची तुकडी आहे. तिघांना औषध सारखंच. आम्हाला सोसलं तर पुढच्या तिघांना थोडं जास्त देतील, त्यांना सोसलं तर त्यापुढच्यांना आणखी. म्हणजे आम्ही पाण्यात पाय घालून बघणारे.

पलीकडच्या पलंगावर आहेत ते ट्रकचे ड्रायव्हर. लांबच्या खेपा करायचे. फुप्फुसात गाठी आहेत, तरी हसतात मोठ्याने आणि मग खोकतात. मधल्या पलंगावर मास्तर. जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही, भाऊबंद दूर. स्वादुपिंडाचा आजार, आणि माणूस इतका सभ्य की सुई टोचणाऱ्या सिस्टरला आधी तुमचा हात दुखत नाही ना असं विचारतो. मला दोघे टेलरबाई म्हणायला लागलेत. ड्रायव्हरांच्या पोटात दुखलं की म्हणतात, टेलरबाई, बघा बरं, आतून कुठे उसवलंय का.

काम पण मिळालं. वजन उतरल्यामुळे दोघांचे कपडे अंगावर लोंबतात. मास्तरांचे दोन सदरे बगलेत आणि खांद्यावर आत घेतले. मापाला टेप धरली आणि मनात आलं, हे असंच उतरत राहिलं तर किती वेळा आत घ्यायचे. पण शिंप्याने गिऱ्हाइकासमोर असलं तोंडावर दाखवायचं नसतं. सदरा हातात देऊन सवयीने म्हणाले, या हं पुन्हा. मास्तर दोन पावलांवरच्या पलंगावर जाऊन बसले तरी तिघेही हसत होतो.

माझ्या शिवणाच्या दुकानात बसून बसून ही खोड लागली आहे. कुणी येतो म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, या हं पुन्हा. एकदा शेजारच्या मयताला गेले होते. लोक निघायला लागले आणि मी दारात उभी राहून प्रत्येकाला, या हं पुन्हा. लेकीने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

१० मार्च

पहिला डोस. औषध दिसायला पाण्यासारखं. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत होते, छातीला वायरी लावून आलेख घेत होते. ड्रायव्हर सिस्टरला म्हणाले, टाकीत घालताय थोडं आणि काढताय जास्त, गाडी चालायची कशी. संध्याकाळी मळमळलं, तोंड कडू झालं, बाकी काही नाही. झोप लागली. लेकीचा फोन आला होता, बाळ पोटात लाथा मारतंय म्हणाली. म्हटलं, मारू दे, आजीवर गेलंय.

२३ मार्च

ड्रायव्हर घरी गेले. त्यांच्या गाठी औषधाला जुमानत नाहीत असं फोटोत दिसलं, म्हणून त्यांना चाचणीतून मोकळं केलं. मी तेव्हा तपासणीला खालच्या मजल्यावर होते, त्यामुळे भेट हुकली. मास्तर सांगत होते, की जाताना ड्रायव्हरांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला, येतो मास्तर म्हणाले, मास्तर म्हणाले या, नक्की या. मला फार चुटपुट लागली. त्यांच्या पँटची दुमड घालायची राहिली होती, ती तशीच टाचण्या लावून पेटीत आहे.

२९ मार्च

ड्रायव्हर गेले. घरी पोचल्यावर थोडेच दिवस काढले. सिस्टरने सांगितलं आणि लगेच दुसऱ्या कामाला लागली, पण तिचे डोळे लाल होते. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. मी रडले सरळ. एवढं हसणारं माणूस.

२ एप्रिल

एक चांगली बातमी. फोटो आले. माझी यकृतातली गाठ लहान झाली आहे. मास्तरांचीही. डॉक्टरीणबाई जपून बोलत होत्या, एवढ्यात हुरळून जाऊ नका म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. मी लेकीला फोन केला आणि दोघीही रडलो. जून आता तेवढा लांब वाटत नाही.

दुपारी जेवणं झाली की सगळा मजला पेंगतो. मास्तरांनी पडदा ओढला होता आणि आत बोलत होते. मधेच थांबायचे, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसे, मग हसायचे. मला वाटलं फोन असेल. शेवटी म्हणाले, बरं, या. नंतर लक्षात आलं की त्यांचा फोन सिस्टरच्या टेबलावर चार्जिंगला होता.

६ एप्रिल

आजही तेच. ऊन चांगलं खोलीभर होतं. मास्तरांचं बोलणं थांबल्यावर मी उठले आणि पडदा थोडा बाजूला केला. ते एकटेच होते. शेजारच्या खुर्चीची गादी मात्र दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगून वर आली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

मी विचारलं, कोण होतं. मास्तर जरा संकोचले. मग साधेपणाने म्हणाले, ड्रायव्हर येतात. येतो म्हणाले होते ना. शब्दाचे पक्के आहेत.

मी त्यांचा हात हातात घेतला, समजूत घालावी म्हणून. हात गार होता. आजारी माणसाचा असतो तसा नव्हे, दगडी फरशीसारखा.

९ एप्रिल

मास्तरांच्या अंगात ऊब राहत नाही. सिस्टरने थर्मामीटर बदलून पाहिला, तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या त्रासांच्या यादीत लिहून घेतलं, हातपाय गार पडणे. मास्तर मला म्हणाले, ड्रायव्हर वाईट नाहीत हो. येतात, बसतात, रस्त्यांबद्दल बोलतात. पण उठून गेले की मी गारठतो. ते काही मुद्दाम नेत नाहीत. त्यांना कळतही नसेल.

म्हटलं, मग येऊ नका म्हणून सांगा.

मास्तर म्हणाले, निघताना येतो म्हणणाऱ्या माणसाला जा कसं म्हणायचं? तोंडून शब्द निघत नाही.

त्यांच्या आतली गाठ निम्मी झाली आहे म्हणे. औषध काम करतंय, आणि माणूस वाळत चाललाय.

१३ एप्रिल

मास्तरांना सकाळी खाली अतिदक्षता विभागात नेलं. स्ट्रेचरवर मी आत घेतलेला सदराच होता. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं. येतो हं, टेलरबाई, म्हणाले.

आणि मी म्हणाले, या हं पुन्हा.

विचारसुद्धा केला नाही. जित्याची खोड. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेल्यावर कळलं, मी काय बोलून बसले.

दुपारी मास्तर गेले.

१६ एप्रिल

आले.

जेवणानंतर. पडदा आपोआप सरकला नाही, थंड वारा नाही, काही नाही. मी काज करत होते, मान वर केली तर खुर्चीत मास्तर. सदरा तोच, माझे खांद्यावरचे टाके ओळखू आले. म्हणाले, बसू का थोडा वेळ. बसल्यावर विचारत होते.

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं, हे खरंच लिहिते. नद्यांबद्दल बोलले. नदी एकदाच उगम पावते असं मुलं समजतात, पण ती रोज उगम पावत असते, म्हणाले. इतकं मन लावून कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. मग उठले. येतो.

या हं पुन्हा.

गेल्यावर सुई ओवता येईना. बोटं बधिर.

१९ एप्रिल

रोज येतात. रोज ठरवते, की आज गप्प राहायचं. ते येतो म्हणतात आणि माझं तोंड माझं ऐकत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही जात नाही, मास्तरांकडे बघून कळलं. ते बोलवल्यावर येणारे, मी बोलवणारी.

दोन मोजे, शाल, वर गोधडी. तरी कोपरापर्यंत गार.

२२ एप्रिल

नवा फोटो. गाठ आणखी लहान. डॉक्टरीणबाई पलंगावर बसल्या, आणि औषध थांबवलं म्हणून सांगितलं.

तिघांच्या तुकडीत दोघांना एकच त्रास, त्यात एक गेले. नियमच आहे तसा. औषधाने गारठा येतो असंच त्यांना वाटणार, दुसरं काय वाटणार? मी गयावया केली. जूनपर्यंत तरी द्या म्हटलं. मग राहवलं नाही, सगळं सांगितलं. मास्तर, खुर्ची, माझी खोड. तुमच्या औषधाचा काही दोष नाही हो.

त्यांनी सगळं ऐकलं. माझी बोटं स्वतःच्या हातांत धरून चोळत होत्या. संध्याकाळी मनाचे डॉक्टर येऊन गेले. आता यादीत आणखी एक ओळ आहे, भास होणे.

मी मास्तरांना या म्हटलं, म्हणून माझं औषध गेलं. एवढ्याशा शब्दापायी. रागाने मी उशी फाडली, आणि मग शिवायलाही येईना.

२५ एप्रिल

आज मास्तरांनी लेकीची चौकशी केली. कितवा महिना. एकटीच असते का दुपारी. जावई कामावर जातात का. सगळं मायेने. मग उठले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि म्हणाले, सहज म्हणाले, तिलाही भेटून येतो.

तोंडात या आलेलं होतं. ओठ दातांखाली धरला. रक्त आलं.

म्हटलं, जा.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हटलं. जा, मास्तर. येऊ नका. कुणाकडेच जाऊ नका. जा.

मास्तरांचा चेहरा — वर्गातून बाहेर काढलेल्या मुलासारखा. बरं, म्हणाले. दारापर्यंत गेले, वळले नाहीत.

खुर्चीची गादी लगेच वर आली.

३ मे

ते परत आले नाहीत. हात पुन्हा ऊबदार झाले आहेत. एवढ्या चांगल्या माणसाला मी हाकलून दिलं. दुपार खायला उठते.

डॉक्टरीणबाईंना हात दाखवले, बघा, गरम आहेत, आता द्या औषध. म्हणाल्या, एकदा बाहेर काढलं की या चाचणीत परत घेता येत नाही. बोलताना त्यांनी मान खाली घातली होती.

१८ मे

गाठ वाढते आहे. पोटात पाणी होतं, ते काढतात, पुन्हा होतं, म्हणून इथेच ठेवून घेतलं आहे. लेक रोज येते, एवढं पोट घेऊन. नको म्हटलं तरी येते. निघताना येते हं आई म्हणते. मी नुसती मान हलवते. तिला वाटतं मी रुसले आहे.

२७ मे

आमचे हे झोपेतच गेले. येतो म्हणायलाही सवड मिळाली नाही. किती वर्षं मनात राग धरला होता, की न सांगता गेले. ते कधीच आले नाहीत, स्वप्नातसुद्धा नाही. बरं झालं. लेक तेव्हा पाळण्यात होती.

२ जून

आज लेकीला सांगितलं. मी निघेन तेव्हा ये म्हणू नकोस. जा म्हण. स्पष्ट म्हण.

ती चिडली. असलं अभद्र बोलायचं नाही म्हणाली. जन्मात म्हणणार नाही.

मला ठाऊक होतं. दुकानात माझ्याच मांडीवर वाढली आहे.

८ जून

म्हणजे मलाच सांभाळायला हवं.

येते म्हणायचं नाही. जाते म्हणायचं. नाहीतर गप्प राहायचं, ह्यांच्यासारखं.

कारण मी येईन. मला माहीत आहे मी येईन. पाळण्यापाशी बसेन, डोकं हुंगेन, कुणाला त्रास देणार नाही. आणि उठून जाताना — मास्तरांनाही कळत नव्हतं. मलाही कळणार नाही. बाळांना गारठा सोसत नाही.

११ जून

लेकीला कळा. जावयाचा फोन. सिस्टरने फोन कानाशी धरला.

मी थांबते आहे. श्वास घेणं एवढंच काम.

१२ जून

मुलगी. दोघी सुखरूप.

पेन धरवत नाही नीट. सराव करते.

जाते. जाते. जाते.

जाते.

१४ जून

आणत आहेत. डॉक्टरीणबाईंनी परवानगी काढली. आज नाहीतर —

जाते म्हणायचं.

लिफ्टचा आवाज.

माझ्या कुशीत दिली आहे. वजनच नाही काही. नाक माझं. डोक्याला वास आहे — सांगता येत नाही. गरम. किती गरम आहे ती.

लेक रडते आहे. म्हणते, आई, लिहू नकोस आता, बोल तिच्याशी काहीतरी. बोल ना.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघते आहे.

बोलते. सांगते तिला. बाळा, मी ये